दोघांच्या नावाचं व्हाउचर

व्हाउचरवर नावं दोन होती आणि मुदत एकच, एप्रिलअखेर. ती संपायला नऊ दिवस उरले असताना मी पापाकुऱ्याच्या फलाटावर उभी होते. खांद्याला पिशवी, पिशवीत थालीपिठं, आणि एकटीच्या हातात दोन तिकिटं.

दोन का, ते आधी सांगते, म्हणजे पुढचा घोळ समजेल. मी पुण्याची. एका छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेला, त्यामुळे जिभेला वळणच तसं पडलं आहे. माझा मुलगा अमेय ऑकलंडच्या दक्षिणेला, फ्लॅट बुश नावाच्या नव्या वस्तीत राहतो. मी आणि आमचे 'हे' गेल्या वर्षी त्याच्याकडे राहायला आलो, तेव्हा त्याने आम्हाला वेलिंग्टनच्या आगगाडीत बसवून दिलं होतं. अर्ध्या वाटेत, डोंगरात, दरड कोसळली आणि गाडी एका लहानशा स्टेशनात चार तास उभी राहिली. शेवटी बस आल्या आणि उरलेलं निसर्गसौंदर्य आम्ही अंधारात पाहिलं. भरपाई म्हणून नंतर हे व्हाउचर आलं. दोघांच्या नावाचं, एकाच नंबरचं, वर्षभरात वापरायचं आणि दुसऱ्या कोणाला देता न येणारं.

ह्यांना त्या व्हाउचरची फार घाई होती, आणि त्याचं कारण थर्मास. गाडी अडकली होती तेव्हा हे गरम पाणी आणतो म्हणून थर्मास घेऊन उतरले. माझा गुडघा धरला होता, मी डब्यातच बसून राहिले. बस सुटायच्या बेतात असताना हे धापा टाकत आले, ते हात हलवत.

"विसरलात ना?" मी म्हटलं.

"विसरलो नाही. ठेवून आलोय. पिवळ्या दाराचं घर आहे, तिथे."

तो थर्मास मला छापखान्याने निवृत्तीच्या दिवशी दिलेला होता. वेलिंग्टन येईपर्यंत मी ह्यांना सोडलं नाही.

पुढे जुलैत, इथल्या ऐन थंडीत, एका सकाळी ह्यांनी पुन्हा तोच विषय काढला. "चल, व्हाउचर वापरून टाकू. थर्मास पण घेऊन येऊ." मी मेथी निवडत होते. "एवढ्या गारठ्यात? मुदत आहे अजून," मी म्हटलं. ह्यांनी कोट चढवला, तपकिरी माकडटोपी घातली आणि दारातून म्हणाले, "मग मी एकटाच जातो."

आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत. निघणारा 'येतो' म्हणतो, घरातला 'या' म्हणतो. माझी नात सई हिला मी रोज सकाळी शाळेला निघताना हेच टोकते आणि ती रोज हसते, "बट आजी, आय अ‍ॅम गोइंग, नॉट कमिंग!" तर ह्यांची चूक मला ऐकू आली नाही असं नाही. पण मला राग आला होता. मी ना दुरुस्ती केली, ना 'या' म्हटलं. मेथी निवडत बसले. हे जवळच्या तळ्यावर फिरायला गेले होते, तिथे बाकावर बसल्या बसल्याच गेले.

तेव्हापासून त्या 'जातो'ला माझं उत्तर द्यायचं राहिलं आहे. अमेय म्हणत होता, "आई, तू एकटी कशाला जातेस? मी ईमेल करतो ना त्यांना. डेथ सर्टिफिकेट अटॅच केलं की एक्स्टेंड करतील, नो वरीज." मी नको म्हटलं. ह्यांना पुन्हा जायचं होतं तिथे मुदतीच्या आत जायचं, थर्मास आणायचा, आणि जमलं तर तिथे उभं राहून ते उत्तर द्यायचं, एवढं मी ठरवलं होतं. वेबसाइट त्या नंबरवर एकच प्रवासी घेईना, तेव्हा अमेयने वैतागून दोघांची नावं घातली. सीट सात अ, सात ब.

पापाकुऱ्याच्या फलाटावर त्या सकाळी ऑफिसला जाणाऱ्यांची ये-जा चालू होती. त्यांच्या शहराच्या गाड्या मिनिटामिनिटाला सुटत होत्या. आमची लांबची गाडी आली आणि तिच्यातून ग्रॅहम नावाचा, पिकल्या मिशांचा सेवक हातात यादी घेऊन उतरला. गाडी ऑकलंडहून येते, पापाकुरा तिचा पुढचा थांबा.

"किओरा (नमस्कार), डिअर! तुम्ही दोघं आहात. मिस्टर डॅटाट्रे कुठे आहेत?"

ह्यांचं नाव दत्तात्रय. त्याची तशी वाट लागलेली ऐकून मला एरवी हसू आलं असतं. पण उत्तर देणं भाग होतं. मनात आलं ते मराठीत आलं, 'ते गेले', आणि तेच मी इंग्रजी करून टाकलं.

"ही हॅज गॉन," मी म्हटलं. "बिफोर मी."

"ओह, पुढे गेलेत! ऑकलंडलाच बसले असतील. स्वीट अ‍ॅज (उत्तम, काही हरकत नाही)!" म्हणत त्याने यादीत ह्यांच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

दुरुस्ती अगदी तोंडाशी आली होती. ती मी गिळली. खरं सांगते, ती खूण बघून मला बरं वाटलं. नऊ महिने ज्या त्या कागदावर ह्यांच्या नावामागे 'कै.' लागलेलं पाहत होते. ज्याच्यावर ते हजर होते असा हा पहिला कागद.

मी सात बवर बसले. खिडकीची सात अ ह्यांची, मागच्या वेळीही त्यांनीच पटकावली होती. गाडी निघाली. पुकेकोहेची तांबडी माती आली, कांद्याचे वाफे आले. ती माती बघून हे मागच्या वर्षी "अगं, आपला सासवड रस्ता!" असं ओरडले होते. मग वायकाटो नदी बाजूने चालू लागली. पाणी रुंद, संथ, त्यावर धुकं, आणि धुक्यातून वर आलेले विलो वृक्षांचे शेंडे. प्रत्येक सीटला कानाला लावायचे हेडफोन असतात. गाडी जिथे पोचेल तिथली माहिती त्यांतून आपोआप ऐकू येते. माझे मी कानाला लावले नव्हते. पण शेजारच्या रिकाम्या सीटवर पडलेल्या हेडफोनमधून बारीक आवाज येत राहिला. शब्द कळत नव्हते. सांगणारा सांगत होता आणि मध्ये मध्ये थांबत होता. मी दोनदा ते हेडफोन उचलून खिशात घालायला गेले आणि दोन्ही वेळा तसेच ठेवले.

ऑटोरोहांगा सोडलं तसं थालीपीठ काढलं. भाजणी पापाटोएटोच्या देशी दुकानातली, पण भाजलं मी होतं. सोबत लसणाची चटणी. सगळ्या डब्याला वास गेला असणार. कोणी नाक मुरडलं नाही, एका बाईने तर वाकून पाहिलं. सवयीने मी दोन कागदी बशा काढल्या आणि दुसरीत अर्धं थालीपीठ ठेवलं, तेव्हा माझं मलाच लक्षात आलं. ते परत डब्यात भरणं जिवावर आलं. बशी सात अच्या फळीवर तशीच राहू दिली.

तेवढ्यात ग्रॅहम कपबशा गोळा करत आला. बशीकडे पाहून म्हणाला, "मिस्टरांसाठी ठेवलंत का? ते तिकडे मागच्या उघड्या डब्यात रमलेत. तपकिरी टोपीवाले ना, कानापर्यंत ओढलेली? त्यांना सांगा, पुढे डोंगरात जाम गार होतं."

शेवटचा डबा बिनकाचांचा असतो, फोटो काढणाऱ्यांसाठी. ग्रॅहमला मी टोपीचं काही बोलले नव्हते. टोपीचा विषयच निघाला नव्हता. मी नुसती मान हलवली.

तो पुढे गेल्यावर मी उठले. सीटांना धरत धरत दोन डबे ओलांडले आणि शेवटचं जड दार ढकललं. वारा अंगावर आला आणि चाकांचा धडधडाट. एक जपानी जोडपं कॅमेरे आवरत आत निघालं होतं, त्यांना वाट दिली. मग डब्यात मीच. दोन्ही बाजूंना उंच नेच्यांचं रान, त्यातून झिरपणारं पाणी, काळ्या दरडी. लोखंडी कठड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दवाचे थेंब बसले होते. डाव्या कोपऱ्यात मात्र दोन जागा कोरड्या होत्या, कोपरं टेकवली की होतील एवढ्याच. ह्यांना कठडा दिसला की कोपरं टेकवायची सवय. घरच्या गॅलरीतही मी ओरडायची, शर्टाला गंज लागतो म्हणून.

म्हणेल कोणी, गाडीत दुसरा एखादा देशी म्हातारा असेल. असेलही. मी यादी वाचली नव्हती आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ती वाचायची नव्हती. मी जागेवर येऊन बसले. भीती वाटत होती आणि त्या भीतीत मागे वळून पाहायची ओढही होती. दोन्ही एकदम वाटू शकतात, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

मग राउरिमूचा चढ आला. इथे डोंगर इतका उभा आहे की रूळ शंखासारखे वेटोळे घेत वर चढतात. गाडी वळत राहते, आणि खिडकीतून आपल्याच गाडीचं शेपूट मागून येताना दिसतं. मागच्या वर्षी हे पाहून ह्यांनी टाळ्या पिटल्या होत्या. आज धुकं होतं. एका वळणावर ते क्षणभर फाटलं आणि मला शेवटचा उघडा डबा दिसला. डाव्या कोपऱ्यात कोणीतरी कठड्यावर कोपरं टेकून उभं होतं. चेहरा दिसला नाही. टोपी दिसली. मी काचेला नाक लावलं तर काच माझ्याच श्वासाने भरून गेली. पुसून पाहते तो धुकं पुन्हा मिटलेलं.

पठारावर पोचलो. इथून ज्वालामुखीची बर्फाची शिखरं दिसतात म्हणे. दोन्ही खेपांना मला फक्त पिवळं गवत आणि पांढरं धुकं दिसलं. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली आणि थांबली. ग्रॅहमचा आवाज आला, पुढे रुळावर झाड आडवं पडलंय, अर्धा तास लागेल, पाय मोकळे करायचे तर फलाटावर उतरा, लांब जाऊ नका.

मी खिडकीतून पाटी वाचली. तेच स्टेशन. त्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथे राहणाऱ्या बाईला ते आवडणार नाही. दहा-पंधरा घरं, एक बंद पडलेली डेअरी (कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान) आणि वारा, एवढंच ते गाव.

ग्रॅहमने हात धरून मला उतरवलं. "आय अ‍ॅम कमिंग," मी त्याला म्हटलं. म्हणजे आपलं 'येते हं'. तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला आणि मग हसला. फलाटाच्या पलीकडे रस्ता, रस्त्याच्या पलीकडे धुक्यात पुसट घरं. तिसरं घर पत्र्याचं. दार पिवळं.

मी फाटक लोटून आत गेले आणि कडी नीट लावली. कडी लावल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. दार वाजवायला हात उचलला तोच ते उघडलं. सत्तरीच्या आसपासची, रुंद बांध्याची माओरी बाई. राखाडी केसांचा बुचडा, अंगात पुरुषी स्वेटर, हनुवटीवर गोंदण. तिने मला एकदा नीट पाहिलं. नंतर माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"आलात," ती म्हणाली. "मग ते बाहेर का थांबलेत? त्यांना आत बोलवा. गारठा केवढा आहे."

मी मागे वळले. धुकं होतं, बाकी काही नव्हतं. मी लावलेली कडी निघाली होती आणि फाटक सताड उघडं होतं.

मी दाराची चौकट धरली. ती बाई पुढे झाली आणि मला दंडाला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. चुलीजवळच्या खुर्चीत बसवलं. तिचं नाव हिने. मराठीत या नावाची पंचाईत आहे, 'हिने' म्हटलं की वाक्य पुरं व्हायची वाट पाहावी लागते. ओट्यावर, खिडकीशी, माझा थर्मास उभा होता. छापखान्याचं नाव, खाली माझं नाव, आणि माझ्या नावातली वेलांटी चुकलेली. एकतीस वर्षं शुद्धलेखन तपासून निरोपाला मिळालेली चूक. मी तो उचलला. जड लागला. झाकण फिरवलं तर वाफ आली.

"आजचंच पाणी आहे," हिने म्हणाली. "इकडून गाडी जायचा दिवस असला की भरते."

"कधीपासून?"

"ते गेले तेव्हापासून. मी पाणी तापवत होते, तेवढ्यात तुमची बस आली. ते पळत सुटले आणि दारातून ओरडले, 'आय अ‍ॅम कमिंग!' माणूस 'येतो' म्हणून गेला की त्याचं पाणी गरम ठेवायचं. माझ्या आईच्या घरी तसंच होतं."

मला काय वाटलं ते कसं सांगू? हे इथे 'येतो' म्हणाले होते. ज्या एका शब्दासाठी मी नऊ महिने झुरले तो ह्यांनी सातासमुद्रापलीकडे एका परक्या बाईच्या दारात, मोडक्या इंग्रजीत म्हणून ठेवला होता. आणि तिने तो पाळला होता, वर्षभर, किटलीने. मी मोठ्याने रडले. घरी इतकी रडले नव्हते, कारण सई घाबरते.

रडू ओसरल्यावर मी सकाळीच करायची दुरुस्ती केली. शब्द जुळवून, नीट, व्याकरणासकट. माझे यजमान जुलैमध्ये वारले. ते आता येणार नाहीत. 'आय अ‍ॅम कमिंग' ही आमची निघायची रीत आहे, आमच्यात जाणारासुद्धा येतो म्हणतो. आणि शेवटच्या दिवशी ते 'येतो' नाही, 'जातो' म्हणाले, आणि मी रागाच्या भरात त्यांना काहीच उत्तर दिलं नाही.

हिने उठली. माझ्यापुढे तिने रेवेना (बटाट्याच्या विरजणाने फुगवलेला पाव) आणि लोणी ठेवलं. थोडा आंबूस, पोटाला बरा वाटणारा पाव होता. मग म्हणाली, "आमच्याकडे उलटं आहे. गेलेल्या माणसाला आम्ही 'हाएरे' म्हणतो. म्हणजे 'जा'. तीनदा म्हणतो, मोठ्याने, सगळ्यांसमोर. आई म्हणायची, निरोप दिला नाही तर बिचारा दारातच उभा राहतो. पुढे जाता येत नाही, मागे येता येत नाही." तिने खिडकीबाहेर पाहिलं. "आणि त्यांना जायचं असतं उत्तरेला, पार बेटाच्या टोकाला. तुमची गाडी चाललीय दक्षिणेला. तुम्ही त्यांना उलटं घेऊन चाललाय."

गाडीने भोंगा दिला.

मी उठले. 'जा' हा शब्द मला जमेना. जन्मभर ज्याला अशुभ म्हणून खोडलं, तो आपल्याच माणसाला कसा म्हणायचा? हिने माझ्याबरोबर अंगणात आली. फाटक तसंच उघडं होतं. फाटकाच्या खांबावर दव होतं आणि त्यावर हाताच्या पंजाएवढी कोरडी जागा होती. मी थर्मास छातीशी धरला.

"अहो," मी म्हटलं. आवाज बारीक निघाला, पुन्हा म्हटलं. "अहो, ऐकलं मी तेव्हा. 'जातो' म्हणालात ते ऐकलं. रागावले होते म्हणून बोलले नाही. थर्मास मिळाला. आता जा. सावकाश जा. जा."

माझ्यामागून हिने खड्या आवाजात म्हणाली, "हाएरे, हाएरे, हाएरे." धुक्यात तो आवाज बराच लांबवर गेला. वारा पडलेला होता. फाटक करकरलं, आपल्या मनाने अर्धं मिटलं आणि थांबलं. मी पुढे होऊन ते पुरतं लावलं आणि कडी घातली. दोन क्षण कडीवर हात ठेवून उभी राहिले. ती हलली नाही.

हिनेचा निरोप घेताना 'येते' ओठांवर आलं होतं, ते मी आवरलं. नाहीतर तिने पुन्हा पाणी तापवलं असतं. मी तिला नमस्कार केला, तिने माझ्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं.

फलाटावर ग्रॅहम यादी घेऊन माणसं मोजत होता. "तुम्ही दोघं आलात का?"

"ग्रॅहम," मी म्हटलं, "सकाळी माझी चूक झाली. ही हॅज गॉन म्हणजे ते वारले. नऊ महिने झाले. यादीतलं नाव खोडा."

त्याचं हसू जागच्या जागी राहिलं. यादीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "पण मी त्यांना चहा दिलाय. उघड्या डब्यात, राउरिमूच्या आधी. दोन चमचे साखर घाला म्हणाले. आणि म्हणाले, बायकोला सांगू नका."

ह्यांना मधुमेह होता. बारा वर्षं मी त्यांना बिनसाखरेचा चहा दिला. माझ्या अंगावर काटा आला आणि तेवढ्यात, देवाशपथ सांगते, मला हसू आलं. "मेले तरी सुधारले नाहीत," मी मराठीत म्हटलं. ग्रॅहमला इंग्रजीत म्हटलं, "ते इथे उतरले. खोडा." त्याने पेन काढलं. नाव सरळ रेघेत खोडलं.

पुढची वाट उजेडाची निघाली. ओहाकुनेनंतर धुकं गेलं, उंच पूल आले, खाली मेंढ्या आणि निळसर ओढे. सात अच्या हेडफोनमधून आवाज येत नव्हता. बहुधा तार सैल झाली असावी. फळीवरचं अर्धं थालीपीठ होतं तिथेच, वातड झालेलं, ते मीच खाल्लं. थर्मासमधल्या पाण्याने चहा केला आणि खूप दिवसांनी दोन चमचे साखर घातली. वेलिंग्टनला उतरले तेव्हा वाऱ्याने पदर सावरता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी विमानाने परतले. आगगाडीने उभा दिवस घेतला, विमानाने तासाभरात आणून सोडलं. अमेय न्यायला आला होता. मोटरवेवर गाड्यांच्या रांगेत अडकलो असताना तो म्हणाला, "बाबांची सीट एम्प्टीच गेली ना? शेवटी अर्धं व्हाउचर वेस्ट."

"नाही रे," मी म्हटलं. "अर्ध्या वाटेपर्यंत वापरलं." त्याने एकदा माझ्याकडे वळून पाहिलं आणि मान पुन्हा समोर केली. त्याच्या वडिलांसारखाच आहे, दुखरी गोष्ट दिसली की रस्त्याकडे बघतो.

प्रवासातून माणूस शहाणा होऊन येतो म्हणतात. मी काही फार शहाणी झाले नाही. फाटकाजवळ कोण होतं ते मला माहीत नाही, आणि तळ्याकडे फिरायला जाताना त्या बाकापाशी अजून पाय अडखळतो. थर्मासवरची वेलांटी चुकलेलीच आहे. एक गोष्ट तेवढी बदलली.

परवा सकाळी मी मेथी निवडत होते. सई दप्तर पाठीला लावून दारात उभी राहिली आणि माझी खोड काढायला मुद्दाम ओरडली, "आजी, आय अ‍ॅम गोइंग!" दुरुस्तीची वाट बघत, हसत.

मी जुडी खाली ठेवली, उठून दारापर्यंत गेले आणि म्हटलं, "बरं. ये हं, बाळा."